कॉलला जाताना दही

तुम्हाला सांगते, किस्से काही कुणी गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. आमच्या कारखान्याच्या पत्र्यावर पिंपळाची पानं साचतात ना, तसे. झाडायला कुणी वर चढत नाही, आणि मग एखाद्या दुपारी वारा सुटला की सगळी पानं एकदम अंगणात! आज असाच वारा सुटलाय आणि मला काही काम नाही. तेव्हा बसा निवांत.

मी शुभा. घर झाशीत, लक्ष्मी गेटजवळ. उंबऱ्याबाहेर हिंदी आणि बुंदेली, उंबऱ्याच्या आत मराठी, तीही आईच्या धाकाने टिकलेली. नोकरी जवळच्या बिजौलीला, एका लहानशा कारखान्यात. ट्रान्सफॉर्मरच्या आत तारांच्या वेटोळ्यांमध्ये जाड, दाबलेल्या पुठ्ठ्याच्या कड्या बसवतात, त्या आम्ही बनवतो. पुठ्ठा भट्टीत सुकायला लागला की आवारभर एक उबदार, गोडसर वास पसरतो. जेवणानंतर त्या वासात डोळे उघडे ठेवणं म्हणजे तपश्चर्याच.

मालक गुप्ताजी. बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो. माल तपासायला खरेजी, आपले मराठी खरे नव्हेत, इकडचे बुंदेलखंडी. दिवसभरात त्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो, "हओ." म्हणजे हो. आणि तिसरी मी, परदेशातल्या लोकांशी बोलायला. मेल, फोन, व्हिडिओ कॉल, सगळं माझ्याकडे.

माझी एक खोड आहे. मी कॉलवर माणसाकडे बघतच नाही, त्याच्या मागच्या खिडकीकडे बघते. आमच्याकडे उन्हाळ्यातली गरम लू भणभणत असते आणि कुणाच्या तरी खिडकीत बारीक पाऊस पडत असतो. कुणाकडे उजाडतंय, कुणाकडे दिवे लागतायत. बघता बघता मी तिथल्या रस्त्याने चालायलाच लागते. मग गुप्ताजींचं कोपर लागतं. "शुभाजी, कहाँ निकल गईं? वापस आइए!"

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण बाकी सगळे किस्से तिच्याभोवती फिरतात. गुप्ताजींनी आवाराच्या मागे, ऑफिसच्या खिडकीतून दिसेल अशी, एक नवी शेड बांधली. फिनलंडच्या एका कंपनीला मोठाल्या कड्या हव्या होत्या, त्या बनवायला. ऑर्डर आली होती का? छे! येईल अशी आशा होती. गुप्ताजींचं सगळं असंच, आधी मांडव आणि मग मुलगी बघायला जायचं. खरेजींनी बिजौली गावातल्या मुलींना काम शिकवूनसुद्धा ठेवलं. त्या भेटल्या की विचारायच्या, "भैयाजी, कब से आना है?" गुप्ताजी मग त्या गल्लीतून गाडी नेणंच टाळायला लागले.

जवळच्या मोठ गावचा एक धान्याचा व्यापारी ती शेड गोदाम म्हणून मागत होता. त्याला गुप्ताजींनी होळीपर्यंत थांबवलं होतं. होळीपर्यंत फिनलंडचा होकार आला तर ठीक, नाहीतर मशीन विकायचं आणि शेडमध्ये मटारची पोती. रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी गुप्ताजी एकटे त्या रिकाम्या शेडमध्ये जायचे, सगळे दिवे लावायचे, जरा वेळ उभे राहायचे आणि दिवे बंद करून निघायचे. आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नसू.

*

सुरुवात आमच्या आईपासून करते.

आपल्याकडे कुणी लांब जायला निघालं की हातावर दही घालतात. ते चाटायचं, हात पुसायचा आणि मागे न बघता निघायचं. दही खाल्लेला माणूस परत येतो, असं आई मानते. इकडच्या लोकांतही दही-साखर आहे, पण ते चमच्याने तोंडात भरवतात. आमचं मात्र तळहातावरच.

एकदा सकाळी मी घाईत चपला घालत होते. आईला म्हटलं, "आज लवकर पोचायचंय गं, जपानचा कॉल आहे." आई आत गेली, वाटी घेऊन आली. "हात पुढे कर."

"अगं, मी बिजौलीला चाललेय! रिक्षाने!"

"ते मला ठाऊक आहे. पण तू बोलता बोलता तिकडे निघून जातेस, हे तूच सांगतेस ना? मग परत यायला नको?"

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला. देशातल्या देशात कॉल असेल तर नुसतं "नीट जा." परदेशाचा असेल तर दही. आणि अमेरिकेचा असेल तर दह्यावर साखर. अंतर जास्त ना!

*

जपानी पाहुणे खरोखरच आले तेव्हाची गोष्ट.

आठवडाभर मी गुप्ताजींना शिकवत होते. त्यांचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं. खिशात कोंबायचं नाही. त्यावर लिहायचं नाही, त्याने दात तर अजिबात कोरायचे नाहीत. कार्ड म्हणजे तो माणूसच, असं समजून आदर करायचा.

"समझ गया," गुप्ताजी म्हणाले. ते असं म्हणतात तेव्हा मला धडकी भरते.

दोघे आले. वाकून नमस्कार झाले. मोठ्या साहेबांनी दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. गुप्ताजींनी दोन्ही हातांनी घेतलं. वाचलं. इथवर उत्तम! मग त्यांनी ते कपाळाला लावलं. मग धाकट्या साहेबांचंही कपाळाला लावलं. आणि दोन्ही कार्डं घेऊन ते कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे गेले, तिथे टेकवून ठेवली आणि वर उदबत्ती ओवाळली!

धूर वर चाललाय, उन्हाचा एक पट्टा त्यातून आलाय, आणि ते दोघे जपानी सज्जन आपापल्या कार्डासमोर मान खाली घालून उभे. मलाही क्षणभर वाटलं, काहीतरी पवित्र चाललंय.

पण देव्हाऱ्याशेजारीच गुप्ताजींच्या वडिलांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. मोठ्या साहेबांची नजर कार्डावरून त्या फोटोवर गेली, फोटोवरून पुन्हा कार्डावर आली. मग हळूच माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "इथे ज्यांना ठेवतात, ते लोक जिवंत असतात ना?"

*

जर्मनीच्या एक बाई आहेत, आन्नाबाई. वेळेच्या इतक्या पक्क्या की घड्याळाने त्यांच्याकडे बघून चालावं. आणि गुप्ताजींचं "दो बजे" म्हणजे जेवण, शतपावली, पान, आणि त्यानंतर जेव्हा दोन वाजतील तेव्हा.

दोनचारदा फजिती झाल्यावर गुप्ताजींनी उपाय काढला. ऑफिसचं घड्याळ पुढे करून ठेवलं. पण घड्याळ पुढे आहे हे खरेजींना माहीत, म्हणून ते तेवढे आणखी उशिरा यायला लागले. मग खरेजींना कळू न देता गुप्ताजींनी ते आणखी पुढे केलं. मला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून मीही माझ्या परीने थोडं पुढे केलं! शेवटी आमच्या ऑफिसात किती वाजलेत हे फक्त देवाला ठाऊक असायचं.

एका हिवाळी दुपारी आम्ही तिघेही कॉलसाठी वेळेवर हजर. वेळेवर कसले, भलतेच आधी! लॅपटॉप उघडला. समोर कुणी नाही. खिडकीतून ऊन थेट खुर्च्यांवर. पोटात वांग्याचा भट्टा आणि भात, आवारात भाजलेल्या पुठ्ठ्याचा वास, बाहेर एक होला घुमतोय. खरेजींची मान आधी कलली. मग गुप्ताजींची. मी त्या दोघांना हसले, एवढं मला आठवतं.

जाग आली तेव्हा समोर आन्नाबाई. हातात कॉफीचा मग, हनुवटी तळहातावर, आवाज बंद करून शांत बसलेल्या. त्यांच्या खिडकीत सगळं करडं, झाडाला एक पान नाही.

मी दचकून उठले. "बाई, माफ करा! उठवायचं ना!"

"कशाला?" त्या म्हणाल्या. "तिकडे किती उबदार दिसत होतं."

मीटिंगनंतर मुद्द्यांचा मेल पाठवायचा त्यांचा रिवाज आहे. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. त्या दिवशीही आला. पहिला मुद्दा: "सर्व उपस्थितांची विश्रांती झाली."

*

हॉलंडचे लोक अगदी वेगळे. पहिल्याच कॉलला तिथले साहेब म्हणाले, "मला रॉब म्हणा."

गुप्ताजींना घाम फुटला. पिकल्या केसांचा माणूस, मोठ्या कंपनीचा मालक, त्याला नुसतं रॉब? जीभ उचलेना. "रॉब... जी," ते कसेबसे म्हणाले. पुढच्या वाक्याला "रॉब भैया" झालं.

"आणि तुमचं पहिलं नाव काय?" रॉबजींनी विचारलं.

गुप्ताजी लाजले. खरंच लाजले हो! या ऑफिसात इतकी वर्षं काढून त्यांचं नाव मलाही माहीत नव्हतं आणि खरेजींनाही. कामगार मालिकजी म्हणतात, बाजारात गुप्ताजी, घरी "चुन्नू के पापा." मी आपली गंमत म्हणून तिथल्या तिथे भाभीजींना फोन लावला. "भाभीजी, गुप्ताजी का नाम क्या है?"

पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं, "दीदी, वो तो हम लेते नहीं. उन्हीं से पूछ लो."

मी ते सगळं रॉबजींना समजावून सांगितलं. नाव उच्चारलं तर माणूस झिजतो असं काही नाही, पण आदर म्हणून इकडे बरंच काही न उच्चारता ठेवतात. रॉबजी विचारात पडले. त्यांच्या मागच्या खिडकीतून एक होडी संथ चालली होती, मी तिच्यात बसून थोडी पुढे जाऊन आले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा मेल आला, खाली सही: "रॉबजी." आणि त्याच दिवशी त्यांच्या हिशेब बघणाऱ्या बाईंचा दुसरा मेल. "आमच्या साहेबांना जी मिळालं. मला मिळायला काय करावं लागेल?"

*

इराणचे रझासाहेब तर माझे लाडके. त्यांच्याकडे म्हणे अशी रीत आहे की पाहुण्याने एखाद्या वस्तूची तारीफ केली की यजमानाने म्हणायचं, "ती तुमचीच आहे." आणि पाहुण्याने "छे छे" म्हणायचं. झालं, वस्तू जिथल्या तिथे आणि दोघांचा मान राहतो.

मी हे गुप्ताजींना सांगायला घेतलं, पण पहिलं वाक्य ऐकूनच ते म्हणाले, "समझ गया."

रझासाहेब झाशीला आले तेव्हा त्यांनी सहज म्हटलं, "तुमचा मफलर सुंदर आहे." गुप्ताजींनी मफलर काढून थेट त्यांच्या गळ्यात गुंडाळला! रझासाहेब छे छे करतायत, पण बुंदेलखंडी मनुहार, म्हणजे आग्रह, काय चीज आहे ते त्यांना कुठे ठाऊक? दोन गाठी मारूनच गुप्ताजी थांबले. आता रझासाहेबांना उत्तर द्यायला हवं. गुप्ताजींनी त्यांच्या पेनाकडे नुसतं बघितलं, तर पेन गुप्ताजींच्या खिशात. मग गुप्ताजींची टोपी गेली. मग रझासाहेबांचा कोट आला. संध्याकाळी स्टेशनवर सोडायला निघालो तर गाडीत एक इराणी गुप्ताजी आणि एक झाशीचे रझासाहेब बसलेले, दोघेही थकलेले, आणि एकमेकांकडे बघायची चोरी!

वाटेत सूर्य मावळत होता. किल्ला सगळा केशरी झाला होता, बुरुजांवर पोपटांचे थवे. मी तंद्रीत. रझासाहेबांनाही राहवलं नाही. खिडकीतून बघत ते उद्गारले, "काय सुंदर किल्ला आहे हो तुमचा!"

गुप्ताजींनी किल्ल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "शुभाजी, बता दीजिए इनको, ये सरकारी है."

*

आता फिनलंड.

मात्तीसाहेब. उंच, पांढऱ्या भुवया, बोलणं जवळजवळ नाहीच. आपल्या झाशीत दोन माणसं समोरासमोर गप्प बसली तर समजावं, एकतर भांडण आहे किंवा जमिनीचा वाद. तिकडे तसं नाही. गप्प बसणं म्हणजे समोरच्याचं बोलणं मनावर घेणं. आणि एकदा शब्द दिला की तो दगडावरची रेघ, म्हणून देताना फार सांभाळून देतात.

हे आम्हाला नंतर कळलं. पहिल्या कॉलला मात्तीसाहेबांनी एक प्रश्न विचारला, माल किती दिवसांत मिळेल? गुप्ताजींनी सांगितलं. मात्तीसाहेब गप्प.

गुप्ताजींना वाटलं, नाराज झाले. "थोडा लवकर देऊ!" मात्तीसाहेब गप्प. "पॅकिंग आमच्याकडून!" गप्प. "लाकडी पेट्याही आमच्याच!" गप्प. "मी स्वतः माल घेऊन येतो!" मी टेबलाखालून पाय दाबतेय, पण ऐकतंय कोण! अखेर मात्तीसाहेब म्हणाले, "ठीक आहे. मी पहिल्या उत्तराचा विचार करत होतो. ते मला चाललं असतं."

खरेजींनी त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त शब्द वापरले. "अकेले-अकेले मोलभाव किया, और हार गए."

मग मी युक्ती काढली. दुसऱ्या कॉलच्या आधी गुप्ताजींच्या तोंडात एक भरगच्च पान कोंबलं. तोंडात पान असताना शहाणा माणूस बोलत नाही! मात्तीसाहेब बोलले, गुप्ताजींनी मान डोलावली. मात्तीसाहेब गप्प बसले, गुप्ताजीही गप्प. त्यांच्या खिडकीत बर्फ पडत होता, एकेक कण सावकाश, आणि मी त्या पांढऱ्या रानात पार आतपर्यंत जाऊन आले. कॉल संपताना मात्तीसाहेब म्हणाले, "आज फार छान बोलणं झालं."

आणि म्हणाले, "मी बघायला येतो."

*

ते आले ते ऐन धुक्यात. गाडी उशिरा. गुप्ताजी हार घेऊन फलाटावर उभे, हारातला झेंडू दवाने ओला झालेला. धुक्यातून आधी पांढऱ्या भुवया दिसल्या, मग बाकीचे मात्तीसाहेब. उशिराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

कारखाना त्यांनी सगळा बघितला. भट्टीला हात लावला, पुठ्ठ्याचा वास घेतला. गुप्ताजींच्या गालात पान. खरेजी मागे. शेवटी आम्ही नव्या शेडकडे गेलो. दार सरकवलं तर काय, झाकून ठेवलेल्या मशीनवर एक मोर बसलेला! वरच्या झरोक्यातून आला असणार. ऑर्डर द्यायची का ते बघायला आलेल्या माणसाला रिकामी शेड आणि वर मोर!

गुप्ताजी हुसकायला धावणार होते. पण मात्तीसाहेब नुसते उभे राहिले. मोर त्यांच्याकडे बघतोय, ते मोराकडे. झरोक्यातून धुकट उजेड खाली उतरलेला. किती वेळ गेला कोण जाणे. कुणीच हललं नाही. मग मोर उतरला, आमच्या मधून चालत, पिसारा ओढत बाहेर निघून गेला. मात्तीसाहेबांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

जेवायला हॉटेल नको, तिखट असतं, म्हणून गुप्ताजींनी त्यांना आमच्या घरी आणलं. आईने मऊ भात, वरण, वर तूप वाढलं. आणि आई त्यांच्याशी मराठीत बोलत राहिली हो! थंडीचं, गुडघ्यांचं, मी लग्न केलं नाही त्याचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मात्तीसाहेब सगळं मन लावून ऐकत होते. एवढा चांगला ऐकणारा आईला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

निघायची वेळ झाली. आई वाटी घेऊन आली. "हात पुढे कर म्हणावं त्याला."

त्यांनी हात पुढे केला. आईने तळहातावर दही घातलं. ते तसेच हाताकडे बघत उभे. गुप्ताजींनी आपला रिकामा तळहात चाटून दाखवला. मात्तीसाहेबांनी मला विचारलं, "याचा अर्थ काय?"

मी म्हटलं, "जाणाऱ्याला देतात. हे खाल्लं की माणूस परत येतो."

ते गप्प झाले. आम्ही दाराशी, बाहेर टांग्याएवढी जागा अडवून गाडी उभी, गल्लीतली मुलं डोकावतायत. मग त्यांनी विचारलं, "आणि नाही खाल्लं तर?"

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग आम्ही वाट बघत बसतो, म्हणावं."

मात्तीसाहेबांनी आईच्या हातातली वाटी घेतली. तळहात कलता केला आणि सगळं दही, एक थेंब न सांडता, वाटीत परत सोडलं. "मला अजून सांगता येत नाही," ते म्हणाले. "तुमच्या आईशी खोटं वागायला मला आवडणार नाही." नळाखाली हात धुतला, आईला वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसले.

गुप्ताजींचा चेहरा बघवेना. पान कधीच संपलं होतं, तरी ते बोलले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी नव्या शेडचे दिवे लावले नाहीत.

मी कारखान्यातून घरी येऊन आईवर चिडले. "काय गरज होती त्या दह्याची? आता गेलं सगळं!"

आई ओट्याशी दूध कोमट करत होती. ती मघाचीच वाटी तिने दुधात रिकामी केली आणि ढवळलं.

"अगं, त्याच्या हातावरचं दही ते!"

"हातावरचंच ना? तोंडाला कुठे लागलंय? उष्टं नव्हे ते," आई म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. "विरजण चालू ठेवायचं. वाट बघायची म्हणजे नुसतं बसायचं थोडंच असतं?"

त्यानंतर आमच्या घरी जे दही लागत होतं ते सगळं त्याच दह्याचं. आजचं उद्याला, उद्याचं परवाला. धुकं सरलं, थंडी गेली, बिजौलीच्या रस्त्याला पळस पेटला. मोठच्या व्यापाऱ्याचा माणूस शेड मोजून गेला. गावातल्या मुलींनी विचारणं बंद केलं, आणि ते तर विचारण्यापेक्षा वाईट होतं.

*

होळी तोंडावर आली तेव्हा मेल आला. मात्तीसाहेबांना कॉल हवा होता. विषय लिहिला नव्हता.

सकाळी आईने माझ्या हातावर दही घातलं. मी खाल्लं आणि मागे न बघता निघाले.

दुपारी आम्ही तिघे लॅपटॉपसमोर बसलो. गुप्ताजींच्या पुढ्यात पानाचा पुडा, चांदीच्या वर्खाचं पान. ते पुडा उघडणार एवढ्यात मात्तीसाहेब पडद्यावर आले. स्वयंपाकघरात बसले होते. मागे खिडकी, खिडकीत बर्फ, पण त्यावर आता ऊन पडलं होतं आणि छपराच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं.

त्यांनी मान लववली. आम्हीही लववली. ते काही बोलले नाहीत. आम्हीही नाही.

मग त्यांनी बाजूची एक वाटी जवळ ओढली. चमचा घेतला. उजवा हात पुढे धरला, तळहातावर पांढरं शुभ्र दही घातलं आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. आणि खाली वाकून, जरा अवघडत, त्यांनी ते चाटून खाल्लं. थोडं भुवईला लागलं. त्यांनी हात पुसला आणि पुन्हा आमच्याकडे बघत बसले.

"हओ," खरेजी पुटपुटले.

गुप्ताजींचा पुडा तसाच राहिला. ते उठले, खुर्ची हळूच सरकवली आणि बाहेर गेले. आमच्या पाठीमागे, भर दुपारी, नव्या शेडचे दिवे लागायला लागले, आधी एक रांग, मग दुसरी, मग सगळे.

मी वळून बघितलं नाही. मला ते मात्तीसाहेबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या दिवशी ते आमच्या मागच्या खिडकीकडे बघत होते.